बदकासाठी तरी या

डीमन, २० डिसेंबर

अहो,

फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालंय. मी घसा कोरडा करायचा आणि तुम्ही "हं" नाहीतर "बरं" म्हणायचं, कारण मागून अपूर्वा ऐकत असेल ही तुम्हाला धास्ती. पोटच्या मुलीची एवढी धास्ती मी कुणाला घेतलेली पाहिली नाही. म्हणून हे पत्र. जावईबापूंच्या ऑफिसातला रुचिर सुट्टीला कोथरूडला चाललाय, त्याच्या हाती देतेय. सोबत चीजचा गोल आहे, तो फ्रीजमध्ये ठेवा. मागच्या वेळी फडताळात ठेवला होतात आणि मुंग्यांचं बारसं झालं होतं.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. तुम्ही विचारलं नाहीत, मी आपणहून सांगतेय. मुलगी झाली हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं" म्हणालात, ते मी विसरणार नाही. नाकीडोळी नीटस आहे, कपाळ थेट तुमचं, आठ्यांसकट. इथे डच लोकांत तीन दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, बाराव्या दिवसाची वाट बघायला कोणी तयार नाही. त्यामुळे श्रेयस, पोरीचा बाप, सायकलवरून जाऊन नाव लिहून आला: इरावती. पाळण्यात घालून कुर्रर्र करायचं मात्र मी राखून ठेवलंय. पहिला आठवडा एक बाई रोज घरी यायची, बाळंतिणीची देखभाल करायला. फार गुणाची. पण तिने माझ्या नातीला बादलीत बसवून आंघोळ घातली. बादलीत, अहो. आणि आपली पोरगी त्यात डोळे मिटून अशी बसली, जशी काही तिथेच जन्मली.

आता मुद्द्याचं. शेजारच्या दारात विलमाइन म्हणून एक बाई राहतात. सत्तरी ओलांडलेली, एकटी, ताठ. बाळ बघायला आल्या. बाळ झालं की इथे टोस्टला लोणी लावून त्यावर साखरेतली गुलाबी बडीशेप घालून देतात, तसं मी दिलं. बोलता बोलता कळलं की बाई तुमच्याच पंथातल्या, पक्षीवाल्या. म्हणाल्या, तिकडे दक्षिणेला समुद्रात मोठा बांध घातलाय, ब्राउवर्सडाम, त्याच्या बाजूला यंदा एक बदक उतरलंय. उत्तरेच्या बर्फातून येतं, हिवाळ्यापुरतं, तेही थोडकीच, आणि लोक लांबून लांबून गाडी हाकत त्याला बघायला जातात. नाव डचमध्ये सांगितलं ते माझ्या डोक्यावरून गेलं. मग इंग्रजीत सांगितलं: लाँग-टेल्ड डक.

मी हातातला कप खाली ठेवला. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी कुणीतरी काश्मीरला हे बदक पाहिल्याचं कळलं, म्हणून तुम्ही मला भर जानेवारीत वुलर तळ्याच्या काठावर उभं केलं होतंत. बाकीच्या बायका काश्मीरला शिकाऱ्यात बसून फोटो काढतात. मी काय पाहिलं? गोठलेलं पाणी आणि तुमची पाठ. बदक काही दिसलं नाही. माझ्या पायाची बोटं सुजली ती होळीपर्यंत.

तर ते इथे आलंय. मी फक्त कळवतेय.

दीड वर्ष झालं, अपूर्वाने इथलं नागरिकत्व घेतलं आणि आपला पासपोर्ट परत केला. त्या दिवसापासून तुम्ही तिचं नाव टाकलंत. "आता तिला माझ्या घरी यायला व्हिसा लागणार," म्हणालात. लागत नाही, भारतीय मुळाच्या लोकांना कायमचं कार्ड मिळतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात देशाची नोकरी केलीत, तुम्हाला ते लागलं, मला कळतं. पण ही चिमुरडी तर जन्मतःच इथली आहे. तिच्यावरही रुसणार?

माझा व्हिसा मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपतो. तोवर या. परत बरोबरच जाऊ. पोरीसाठी यायचं नसेल तर नका येऊ. बदकासाठी तरी या.

तुमची
मृदुला


डीमन, ११ जानेवारी

अहो,

रुचिर आला. तुमचं पुडकं पोचलं. आत पावशेर डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत फक्त प्रश्न: नर की मादी? चोचीवर गुलाबी पट्टा आहे का? किती अंतरावरून पाहिलं? बुडी मारताना पंख उघडतं का?

मला सांगा, हे अळीव कुणासाठी? माझ्यासाठी? या वयात मी बाळंत होणार आहे? आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात "बाळाचं वजन?" असं लिहून खोडलंय, ते मी उजेडात धरून वाचलं. साडेचार किलो आहे. लिहून ठेवा.

अपूर्वाने अळिवाची खीर दोन वाट्या खाल्ली. कुणी पाठवलं हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण पुडक्याची गाठ सोडायला सुरी लागली, अशी गाठ साऱ्या पुण्यात एकच माणूस मारतो, एवढं तिला कळतं. खीर खाताना तिचे डोळे लाल होते. सर्दी आहे तिला. हवाच अशी आहे.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. त्यासाठी मला जाऊन बघावं लागलं. विलमाइनबाईंना म्हटलं, उद्या जाऊ या का? त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी साडेनऊ. इथे शेजारणीकडे साखर मागायची तरी आठवडाभर आधी सांगावं लागत असेल. गुरुवारी साडेनऊला बाई दारात हजर, गाडीत तिपाईवरची दुर्बीण, थर्मास आणि ब्रेडमध्ये चीज. मी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. रॉटरडॅम यायच्या आत त्यांनी चीज बाजूला ठेवलं आणि माझ्या पुऱ्या संपवल्या.

बांध म्हणजे सरळच्या सरळ रस्ता, एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडीसारखं पाणी. वारा असा की पदराचं काय, माझंच काही खरं नव्हतं. मध्ये एका ठिकाणी दरवाजे आहेत, त्यातून भरती-ओहोटीचं पाणी आतबाहेर करतं. तिथे मासे-शिंपले मिळतात म्हणून सगळी गर्दी तिथेच. मी दुर्बिणीला डोळा लावला आणि लगेच ओरडले, हे बघा, केवढं मोठं, मिशा पण आहेत. विलमाइनबाईंनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, हा सील आहे. तुम्ही असतात तर हे पुढची तीस वर्षं सगळ्यांना सांगत सुटला असतात.

मग दिसलं. अहो, काय सांगू. एवढंसं आहे हो. मला वाटलं होतं, ज्याच्यासाठी माझी बोटं सुजली ते निदान हंसाएवढं तरी असेल. पांढरं डोकं, गालावर काळपट डाग, जसा काजळाचा हात पुसलाय. चोच काळी आणि मध्ये गुलाबी पट्टा, आहे, दोनदा पाहिला. शेपटीची दोन पिसं लांब, बारीक, वर वळलेली. म्हणजे नर. अंतर आपल्या गच्चीपासून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत. आणि बुडी मारताना पंख उघडतं, होय, अर्धवट, असं छत्री उघडता उघडता मिटावी तसं. मी दुर्बीण नीट लावली की ते बुडायचं, लावणं सोडलं की वर यायचं. स्वभाव ओळखीचा वाटला.

मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही, कधी कळून घ्यायचंही नव्हतं. तुमच्या त्या रविवारांवर मी किती चिडलेय. पण तिथे उभी राहून मला एवढंच वाटत होतं की हे मी बघतेय आणि तुम्ही नाही, हे काही बरोबर नाही. विलमाइनबाईंनी विचारलं, थंडी वाजतेय का, डोळ्यांतून पाणी येतंय. मी हो म्हटलं.

घरी आले तर अपूर्वा बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती आणि तोंडाने काहीतरी म्हणत होती, "आऽ-आऽ-ऊलिक, आऽ-आऽ-ऊलिक." मी दारातच थांबले. तुमच्या पक्ष्यांच्या आवाजाच्या कॅसेटमधला, याच बदकाचा आवाज. स्कूटरवर पुढे उभी करून तिला कवडीच्या बंधाऱ्यावर न्यायचात तेव्हा वाटभर दोघंही हेच ओरडत जायचात, आणि लोक वळून बघायचे. मी विचारलं, हे काय गातेस? तर म्हणाली, "काही नाही गं, तिला आवडतं." बाळ झोपलं होतं.

दिसलं म्हणून कळवलं. व्हिसाचा अर्ज आत्ताच केलात तर वेळेत होईल.

मृदुला


डीमन, ३ फेब्रुवारी

अहो,

भार्गवीने तुमचं पत्र आणून दिलं. ही भार्गवी इथे जवळच आल्मेरेला राहते, पुण्याला आईला भेटून परत आली. तिच्या बॅगेत तुमचा तिळगूळ, मेतकूट आणि हा बॉम्ब.

तुम्ही येताय. व्हिसा झाला, तिकीट काढलं, एक मार्चला सकाळी पोचताय. हे वाचून मी खुर्चीत बसले. मग पुढचं वाचलं आणि उठून उभी राहिले. "माझा मुक्काम बांधाजवळच्या हॉटेलात. मी पक्षी बघायला येत आहे, कुणाकडे नाही. बस कुठून मिळते ते शेजारणीला विचारून कळव."

शाबास. अख्खा युरोप ओलांडून येणार, मुलीच्या घरापासून दोन तासांवर एकटे खोली घेऊन राहणार आणि समुद्राकडे तोंड करून बसणार. मी एका बाजूला, तुम्ही एका बाजूला, मध्ये नात. लोकांना काय सांगू? नवरा आलाय, पण बदकाकडे उतरलाय? मी विलमाइनबाईंना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच गैर वाटलं नाही, उलट हॉटेल चांगलं आहे म्हणाल्या. माझं कपाळ.

पत्र मी लपवणार होते. पण अपूर्वाने तुमचं अक्षर पाहिलं आणि हात पुढे केला. वाचलं. घडी घातली. म्हणाली, "बाबांना वाऱ्यात उभं राहायचं तर चांगलं जाकीट लागेल, इथूनच घेऊ." मला वाटलं होतं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

मग शनिवारी ती म्हणाली, मलाही बघायचंय. बाळ, श्रेयस, दुपटी, सगळा लवाजमा घेऊन गेलो. तिने दुर्बीण लावली आणि पहिल्या झटक्यात शोधलं. तुमची मुलगी आहे. मग डोळा दुर्बिणीला तसाच ठेवून तिने मला जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगणार आहे, आणि तुम्ही ते पूर्ण वाचायचं आहे.

तुमची बायपास झाली त्या वर्षी ती झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या ज्या कंपनीत होती, तिथली तिची सबंध टीम काढून टाकली. तिचं परमिट त्या नोकरीवर, आणि श्रेयसचं राहणं तिच्या परमिटवर. तीन महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर गाशा गुंडाळा, असा कागद आला. त्याच आठवड्यात तुमचं ऑपरेशन. ती धावत आली. तुमच्या उशाशी बसायची, आणि मध्येच उठून जिन्यात जायची. मला वाटायचं ऑफिसचं काम. अहो, ती जिन्यात उभी राहून फोनवर नोकऱ्यांच्या मुलाखती देत होती. आणि आत येऊन तुम्हाला मोसंबीचा रस पाजत होती. आपल्याला सांगितलं असतं तर तुमच्या छातीचे टाके उसवले असते, म्हणून बोलली नाही. नोकरी मिळाली. पण त्यानंतर तिला रोज वाटायचं, एका कागदावर आपलं सगळं घर उभं आहे. म्हणून तिने ते नागरिकत्व घेतलं. "मला देश सोडायचा नव्हता आई, मला घाबरणं सोडायचं होतं," म्हणाली. तुम्हाला हे सगळं सांगायला तिने फोन केला होता. तुम्ही "पासपोर्ट परत केला" एवढं ऐकून ठेवून दिलात.

मी तुमची बाजू घेऊन खूप भांडलेय तिच्याशी, दीड वर्ष. त्या बांधावर मी फक्त तिचा मफलर घट्ट बांधला.

हॉटेलचा पत्ता सोबत जोडलाय. मी काही अडवणार नाही. पण तिळगूळ तुम्ही तिच्यासाठीच पाठवलात ना? तिने डब्यातला अर्धा एकटीने संपवला.

मृदुला


डीमन, १९ फेब्रुवारी

अहो,

हे पत्र कुणाच्या हाती द्यायला वेळ नाही. मी कागदावर लिहितेय, अपूर्वा त्याचा फोटो काढून तिच्या फोनवरून पाठवणार आहे. म्हणजे वाचायचं असेल तर तुम्हाला तिचा मेसेज उघडावा लागेल. माझा फोन बिघडलाय असं समजा.

बदक गेलं.

गेल्या आठवड्यात वादळ झालं, ट्राम बंद, सायकली आडव्या. त्यानंतर ते कुणालाच दिसलेलं नाही. विलमाइनबाई दोनदा जाऊन आल्या. त्यांच्या मंडळींचं संकेतस्थळ आहे, त्यावरही काही नाही. एरवी महिनाभर आणखी थांबलं असतं म्हणतात.

खरं सांगते, मी तुम्हाला हे कळवणार नव्हते. एकदा विमानात बसलात की बसलात, इथे आल्यावर बघू, असं मी ठरवलं होतं. विलमाइनबाईंनाही गप्प राहायला सांगत होते, त्यांना ते समजेचना. पण अपूर्वाने ऐकलं आणि ती माझ्यावर पहिल्यांदा भडकली. "बाबांना फसवून आणायचं नाही. ते तिथे दिवसभर वाऱ्यात उभे राहतील, आणि आपल्याला माहीत असेल की तिथे काही नाही. मला नाही चालणार." मी म्हटलं, अगं, मग ते येणारच नाहीत. ती म्हणाली, "नाही आले तर नाही आले." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सर्दी अजून गेलेली नाही तिची.

तर कळवलं. आता तुमच्यासाठी इथे बदक नाही. मी आहे, तशी पंधरा दिवसांत तिकडे येणारच आहे. श्रेयस आहे, तो तुम्हाला घाबरतो. एक अडीच महिन्यांची मुलगी आहे, ती परवापासून माणसाकडे बघून हसायला लागलीय. आणि अपूर्वा आहे. यायचं तर एवढ्यासाठीच यावं लागेल, दुसरं कारण मला सापडत नाही. मी शोधलं.

तिकीट रद्द करायचं असेल तर लवकर करा, पैसे परत मिळतात म्हणे. पण नका करू. मला तुमची फार आठवण येते. या वयात हे लिहायचं, तेही मुलीच्या फोनवरून जाणार, पण लिहिलं.

मृदुला


ई-मेल
पुणे, २१ फेब्रुवारी

चि. अपूर्वा,

तुझ्या आईचं पत्र मिळालं. फोटो सरळ काढला होतास, वाचता आलं.

बदक गेलं याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. काल जेवलो नाही. तू कळवायला लावलंस ते योग्य केलंस.

आई विचारते तिकीट रद्द करणार का. हॉटेल रद्द केलं. बाकी सगळं तसंच आहे.

तू जिन्यात जाऊन बोलायचीस ते मला पलंगावरून दिसायचं. दाराला काच होती. मला वाटायचं, हिला इथे बसवत नाही, हिचं मन तिकडे लागलंय. ते माझ्या मनात राहिलं होतं. पासपोर्टचं नंतर झालं. तुझ्या आईने लिहिलेलं मी रोज एकदा वाचतो. सगळ्याचं काय करायचं ते मला पत्रात जमणार नाही, समोर बसून बोलू. मी ऐकेन.

श्रेयसला सांग, मी चावत नाही.

विमानतळावरचा अधिकारी विचारेल, कशासाठी आलात. त्याची तयारी चालू आहे. दाढी करताना आरशासमोर म्हणतो: माय डॉटर इज अ डच सिटिझन, आय हॅव कम टू सी हर. इंग्रजीत आता न अडखळता येतं. मराठीत अजून घशात अडकतं, पण अजून आठवडा आहे.

सकाळच्या थंडीत एवढ्याशा बाळाला विमानतळावर आणू नये असं माझं मत आहे. आणलंस तर कान झाकून आण.

बाबा